बंद खोलीची मालकी

सर्व्हरवर बाहेरच्या माणसाला फाइली ठेवायची आणि उचलायची मुभा द्यायची, पण त्याच्या डिरेक्टरीपलीकडचं काहीही त्याच्या हाती लागू द्यायचं नाही. मागणी एका वाक्यात सांगून होते. छापखान्याला गिऱ्हाइकांकडून पानं मागवायची असतात, बँकेला दिवसभराच्या व्यवहारांची फाइल दुसऱ्या संस्थेकडे पोचवायची असते, विद्यापीठाला आपलं संशोधन जगाला खुलं करायचं असतं. गरज सगळ्यांची एकच. ही साधी मागणी धडपणे पुरी व्हायला मात्र तीसेक वर्षं गेली. त्या काळात असंख्य सर्व्हर फुटले, घरोघरी वापरात असलेले प्रोग्रॅम बदनाम झाले, आणि ज्या उपायावर सगळ्यांची भिस्त होती तो मुळात या कामासाठी बनलाच नव्हता, हे सावकाश उमगत गेलं. संगणकाच्या इतिहासात मोठ्या शोधांची वर्णनं पुष्कळ असतात. इथली हकिगत एका छोट्या सोयीची आणि तिच्याकडून ठेवलेल्या अवाजवी अपेक्षेची आहे.

अभय भूषण यांचा मसुदा

एफटीपीचा, म्हणजे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा, पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ या तारखेचा आहे. तो लिहिणारे अभय भूषण अलाहाबादचे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली ते बाहेर पडले, अमेरिकेत एमआयटीला गेले आणि तिथे अर्पानेट या इंटरनेटपूर्व नेटवर्कच्या कामात आले. आरएफसी म्हणजे नेटवर्कचे नियम मांडणारे क्रमवार दस्तऐवज; त्यांतला आरएफसी ११४ म्हणून तो मसुदा ओळखला जातो. अर्पानेटवर तेव्हा मोजकी यंत्रं होती आणि त्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या. एकाचा शब्द ३६ बिटांचा, तर दुसऱ्याचा ३२. फाइलींना नावं द्यायची रीतही ज्याची त्याची. या यंत्रांना एकमेकांच्या फाइली कळाव्यात कशा, हा भूषण यांच्यापुढचा प्रश्न होता. आत आलेल्या माणसाने कुठवर फिरावं, हे ज्या त्या यंत्राने आपापल्या नियमांनी ठरवायचं होतं.

त्या वेळी हे बरोबरच होतं. नेटवर्कवर येणारी माणसं विद्यापीठांतली आणि सरकारी प्रयोगशाळांतली, बरीचशी एकमेकांच्या माहितीतली. पुढच्या चौदा वर्षांत मसुद्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी आरएफसी ९५९ लिहिला आणि एफटीपीला कायमचं रूप आलं. त्यात नाव आणि पासवर्ड विचारायची सोय आहे, डिरेक्टरी बदलायची आज्ञा आहे. पण अमक्याने तमक्या डिरेक्टरीच्या वर चढू नये, असं बजावणारी आज्ञा नाही. ती जबाबदारी सर्व्हर चालवणाऱ्याच्या अंगावर राहिली.

मूळ बदलणारा कॉल

सर्व्हर चालवणाऱ्याच्या हाती तोवर एक साधन आलेलं होतं. बेल लॅब्जमधून १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात 'सीएचरूट' नावाचा एक छोटा सिस्टिम कॉल होता.

युनिक्समध्ये सगळ्या फाइलींचं मिळून एकच झाड असतं. त्या झाडाचं मूळ '/' या तिरक्या रेघेने दाखवतात. चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसबद्दल कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, दोन गोष्टी लक्षात ठेवतो: तिचं मूळ कोणतं, आणि या घटकेला ती कोणत्या डिरेक्टरीत आहे. तिरक्या रेघेने सुरू होणारा पत्ता मुळापासून शोधला जातो, बाकीचे पत्ते चालू डिरेक्टरीपासून. सीएचरूट यांतली पहिली नोंद बदलतो, बस्स. त्यानंतर त्या प्रोसेसला आणि तिच्यातून जन्मणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला ती नवी डिरेक्टरी हेच सगळं जग वाटतं. '..' असे दोन ठिपके दिले की एक पायरी वर जाता येतं, पण मुळाशी पोचल्यावर ते दोन ठिपके तिथल्या तिथेच फिरवतात. हा कॉल वापरायचा अधिकार फक्त रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याला.

कॅलिफोर्नियात बर्कलीला बिल जॉय यांनी १८ मार्च १९८२ रोजी तो बीएसडी युनिक्समध्ये घातला, आणि तोही नवी आवृत्ती नीट बांधली जाते का, यंत्रावर नीट बसते का, हे तपासायला, असं मानलं जातं. चालत्या यंत्राला धक्का न लावता एका डिरेक्टरीत अख्खं नवं युनिक्स उभं करायचं आणि त्याच्या आत शिरून पाहायचं, ही सोय झकास होती. या सगळ्यात शत्रू कुणीच नव्हता. आतला प्रोग्रॅम बाहेर निसटायची धडपड करेल, असा विचार करायचं कारणच पडलं नव्हतं. पुढची बहुतेक दुखणी इथूनच निघाली.

अनामिक पाहुण्याची डिरेक्टरी

ऑगस्ट १९८३ मध्ये ४.२ बीएसडी आली आणि तिच्या एफटीपी सर्व्हरने सीएचरूटला नव्या कामाला जुंपलं. नावाच्या जागी 'अनॉनिमस' लिहायचं, पासवर्ड म्हणून काहीही द्यायचं, की सर्व्हर त्या प्रोसेसचं मूळ 'एफटीपी' नावाच्या वापरकर्त्याच्या डिरेक्टरीला नेऊन बांधत असे. जगातल्या कुणालाही फाइली खुल्या करायची ही पहिली मोठी वाट. वेब यायच्या आधी सॉफ्टवेअर, संशोधनाचे निबंध आणि खुद्द आरएफसी याच वाटेने जगभर पोचले.

ती डिरेक्टरी लावायची कशी, हे ४.२ बीएसडीच्या माहितीपुस्तिकेत कलमवार दिलेलं होतं. सर्व्हर फाइलींची यादी दाखवण्यासाठी 'एलएस' हा वेगळा प्रोग्रॅम चालवत असे. मूळ बदललं की बाहेरचा एलएस दिसेनासा होतो, म्हणून आत 'बिन' नावाची डिरेक्टरी करून त्याची प्रत ठेवायची. यादीत आकड्यांऐवजी मालकांची नावं दिसावीत म्हणून 'ईटीसी' डिरेक्टरीत पासवर्ड फाइलीची प्रत ठेवायची. लोकांसाठीच्या फाइली 'पब' डिरेक्टरीत. पुढे सामायिक लायब्रऱ्या आल्या आणि सन कंपनीच्या यंत्रांवर तर लायब्रऱ्यांच्या प्रती, त्या चढवणारा प्रोग्रॅम आणि एक-दोन उपकरण-फाइलीही आत नेऊन बसवाव्या लागत. पाहुण्यासाठी एक बारकं युनिक्सच मांडायचं.

या मांडामांडीत दोन खोल चुका दडलेल्या होत्या. पहिली ढळढळीत होती. त्या काळी पासवर्डांची सांकेतिक रूपं पासवर्ड फाइलीतच असत. घाईत असलेला ॲडमिन खरी फाइल जशीच्या तशी आत ठेवून मोकळा होई. मग कुणीही अनामिक पाहुण्याने ती उचलावी आणि घरी बसून शब्दकोशातल्या शब्दांशी ताडून पाहावी. १९९१ पासून हे काम करणारा 'क्रॅक' हा प्रोग्रॅमही सर्रास मिळू लागला.

दुसरी चूक खुद्द पुस्तिकेत होती. पाहुण्याची डिरेक्टरी 'एफटीपी' या वापरकर्त्याच्या मालकीची करा आणि तिच्यात लिहायची परवानगी कुणालाच ठेवू नका, असं ती सांगे. वरवर हे कडक दिसतं. पण युनिक्समध्ये परवानग्या बदलायचा हक्क मालकाला असतो, आणि आत आलेला प्रत्येक पाहुणा 'एफटीपी' याच नावाने वावरतो. भाडेकरूला खोली देताना भिंती पाडायचा हक्कही लिहून द्यावा, तशातली ही गोष्ट. परवानग्या बदलायची आज्ञा एफटीपी सर्व्हरमध्ये पुढे आली आणि हा हक्क प्रत्यक्षात वापरता येऊ लागला.

त्याने काय साधतं, हे १९९३ साली डॅन फार्मर आणि वित्से वेनेमा यांनी दाखवून दिलं. आपल्या यंत्राची सुरक्षा वाढवायची तर ते चोराच्या नजरेने फोडून पाहा, असं सांगणारा निबंध त्यांनी लिहिला. पाहुण्याच्या डिरेक्टरीत लिहिता येत असेल, तर तिथे 'फॉरवर्ड' नावाची एक फाइल ठेवायची. आलेलं टपाल कुठे पाठवायचं हे तिच्यात लिहिलेलं असतं, आणि तिथे एखादी आज्ञाही देता येते. मग 'एफटीपी' या वापरकर्त्याला एक ईमेल धाडायची. टपालाचा प्रोग्रॅम सीएचरूटच्या बाहेर चालतो. तो ही फाइल वाचतो, आज्ञा पाळतो आणि यंत्राची खरी पासवर्ड फाइल चोराच्या पत्त्यावर रवाना करतो. पाहुणा आपल्या डिरेक्टरीबाहेर एक पाऊलही टाकत नाही. त्याने आत लिहिलेलं बाहेरचा कुणीतरी विश्वासाने वाचतो, एवढं पुरतं.

अमेरिकेत मॉरिस वर्म या यंत्रा-यंत्रांतून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमच्या १९८८ च्या उत्पातानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट ही संस्था उभी राहिली होती. अनामिक एफटीपीबद्दल तिने पुन्हा पुन्हा बजावलं, की पाहुण्याचं मूळ आणि त्याखालच्या डिरेक्टऱ्या 'एफटीपी' वापरकर्त्याच्या मालकीच्या नकोत. जुन्या पुस्तिकेच्या अगदी उलट. दरम्यान दुसराच उपद्रव सुरू झाला होता. लोकांनी फाइली टाकाव्यात म्हणून उघड्या ठेवलेल्या डिरेक्टऱ्यांत चोरटं सॉफ्टवेअर साठवलं जाऊ लागलं. ते लपवायची युक्ती बारीक होती: डिरेक्टरीचं नाव दोन ठिपके आणि पुढे एक रिकामी जागा असं ठेवायचं. यादी पाहणाऱ्याला ती नेहमीची 'एक पायरी वर'ची खूण वाटे आणि नजर पुढे सरके.

बर्फर्डसाठी बांधलेला तुरुंग

जानेवारी १९९१ मध्ये न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जच्या इंटरनेट-द्वारावर एक घुसखोर आला. टपालाच्या प्रोग्रॅममधली एक जुनी, गाजलेली फट तिथे उघडी आहे असं समजून त्याने पासवर्ड फाइल मागवली. द्वार सांभाळणारे बिल चेसविक यांनी ती फट केव्हाच बुजवली होती. तरी त्यांनी त्याला एक फाइल धाडली, अर्थातच बनावट. त्यानंतर कित्येक महिने ते त्याला खेळवत राहिले. त्याला ते बर्फर्ड म्हणत.

सुरुवातीला चेसविक स्वतः यंत्राचं सोंग घेऊन बर्फर्डच्या आज्ञांना हाताने उत्तरं देत होते. हे फार दिवस झेपणारं नव्हतं. म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक वेगळं यंत्र घेतलं, त्यावर सीएचरूटने एक पोकळ युनिक्स मांडलं आणि बर्फर्डला त्यात सोडलं. आतून ते खऱ्या यंत्रासारखं दिसावं, आणि त्याची प्रत्येक कळ बाहेरून टिपता यावी, हा बेत. या मांडणीला त्यांनी तुरुंग म्हटलं आणि इंग्रजीतलं ते नाव सीएचरूटला कायमचं चिकटलं. घुसखोराचा माग नेदरलँड्सपर्यंत लागला. तिथे त्या वेळी परक्या संगणकात शिरणं हा गुन्हा ठरवणारा कायदाच नव्हता.

चेसविक यांचा निबंध १९९२ च्या हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या युजनिक्स परिषदेत सादर झाला आणि जगभरच्या ॲडमिनांनी तो आवडीने वाचला. त्याचा एक परिणाम मात्र उलटा झाला असं मला वाटतं. तुरुंग म्हटलं की भक्कम भिंती डोळ्यांपुढे येतात. चेसविक यांचा तुरुंग वेगळ्या यंत्रावर होता, त्यावर जाणत्या माणसांचा सतत पहारा होता, आणि आत चोरण्याजोगं काही नव्हतं. ज्यांनी नुसतं नाव उचललं, त्यांच्याकडे यांतलं काहीच नव्हतं.

चार ओळींत सुटका

१९९० च्या दशकात सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेला एफटीपी सर्व्हर जगभर पसरला. नाव डब्ल्यूयू-एफटीपीडी. पाहुणा आणि घरचा माणूस यांच्या मधला एक वर्ग त्याने आणला: ज्याला स्वतःचं नाव आणि पासवर्ड आहे, पण जो आपल्या डिरेक्टरीतच राहतो. ॲडमिनने पासवर्ड फाइलीत त्या माणसाच्या डिरेक्टरीच्या पत्त्यात मध्येच एक ठिपका दोन तिरक्या रेघांमध्ये लिहायचा. ठिपक्याच्या डावीकडचा भाग हे त्याचं मूळ, उजवीकडचा भाग ही आत गेल्यावर उभं राहायची जागा. वेबसाइटी भाड्याने ठेवणाऱ्या कंपन्यांना नेमकं हेच हवं होतं. एकाच सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकं, आणि प्रत्येकाला फक्त आपलं घर दिसतं.

पण एफटीपीच्या रचनेत एक अडचण होती. जुन्या पद्धतीत माहिती पाठवण्यासाठी सर्व्हर स्वतःच्या २० क्रमांकाच्या पोर्टवरून जोडणी करतो. युनिक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट वापरायला रूटचे अधिकार लागतात. ही जोडणी प्रत्येक फाइलीला नव्याने करायची, म्हणून सर्व्हरची प्रोसेस वापरकर्त्याचं रूप घेतल्यावरही रूटपणा गाठीला बांधून ठेवत असे, केव्हाही परत धारण करता येईल असा. आणि सीएचरूटमधून रूटला बाहेर पडता येतं.

कसं, ते पाहण्याजोगं आहे. आत एक नवी डिरेक्टरी करायची. तिच्यावर पुन्हा सीएचरूट करायचा, पण आपण तिच्यात शिरायचं नाही. आता कर्नलच्या नोंदीत मूळ आहे ती नवी डिरेक्टरी, आणि आपण उभे आहोत तिच्या बाहेर, वरच्या पायरीवर. दोन ठिपके देऊन वर चढताना कर्नल एवढंच विचारतो की हा मुळाशी पोचला का. मूळ तर खाली राहिलं, त्यामुळे उत्तर दर वेळी 'नाही'. चढत चढत यंत्राच्या खऱ्या मुळाशी पोचायचं आणि तिथे शेवटचा सीएचरूट करायचा. चार ओळींचं काम. कर्नल इथे चुकत नाही. बिल जॉयसारख्या बांधकाम करणाऱ्याला जे हवं होतं तेच तो इमानाने करतो.

जून २००० मध्ये डब्ल्यूयू-एफटीपीडीत एक गंभीर दोष उघड झाला. 'साइट एक्झेक' या आज्ञेसोबत आलेला मजकूर सर्व्हर छपाईच्या सूचना म्हणून वापरत होता. नेमक्या खुणा भरलेला मजकूर धाडला की सर्व्हरकडून हवं ते करवून घेता येई, आणि त्यासाठी अनामिक लॉगिन पुरेसं होतं. या दोषाचा फायदा उठवणारे प्रोग्रॅम आधी गाठीचा रूटपणा सोडवत, मग वर सांगितलेल्या चार ओळी चालवत. जानेवारी २००१ मध्ये रेमन नावाचा वर्म रेड हॅट लिनक्सच्या यंत्रांवर पसरला, त्याच्या वाटांमध्ये ही एक होती. आत शिरल्यावर तो अनामिक लॉगिन स्वतःच बंद करून टाकत असे.

दारावरच्या प्रोसेसचे अधिकार

याच सुमारास विचारांची दिशा बदलली. भिंत उंच करण्यापेक्षा, पाहुण्याशी बोलणाऱ्या प्रोसेसकडे अधिकार किती असावेत हा प्रश्न पुढे आला.

मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० बाहेर पडली. तिच्यात पोल-हेनिंग कँप यांनी लिहिलेली 'जेल' ही सोय होती. चेसविक यांनी वापरलेलं नाव आता कर्नलमध्ये बसलं, आणि या वेळी त्याला शोभेल असं काम घेऊन. फाइलींबरोबरच प्रोसेस आणि नेटवर्कचे पत्तेही वेगळे झाले, आणि मुख्य म्हणजे आतल्या रूटचे अधिकार छाटले गेले. आजच्या कंटेनरांची वंशावळ इथून सांगतात. पण एखाद्याला फाइली टाकण्यापुरतं आत घ्यायचं, तर एवढा थाट लागत नाही.

त्या छोट्या कामाचं उत्तर क्रिस इव्हान्स यांच्या व्हीएसएफटीपीडीने दिलं. त्यांनी सर्व्हर दोन प्रोसेसमध्ये फोडला. पाहुण्याच्या आज्ञा वाचणारी प्रोसेस सीएचरूटमध्ये आणि रूटपणा कायमचा सोडलेली. अधिकार असलेली दुसरी प्रोसेस लहानशी. ती २० क्रमांकाच्या पोर्टसारखी मोजकी कामं पहिलीच्या सांगण्यावरून करते, आणि पहिलीवर विश्वास ठेवत नाही. एलएसची प्रत आत ठेवायची कटकटही मिटली, कारण यादी दाखवायचं काम सर्व्हर स्वतःच करू लागला. २००२ साली नील्स प्रोवोस यांनी याच विचाराने ओपनएसएसएच या सुरक्षित लॉगिनच्या सर्व्हरची फोड केली. अनोळखी माणसाशी बोलणारी प्रोसेस एका रिकाम्या डिरेक्टरीत कोंडली गेली, जिथे वाचायला काही नाही आणि लिहायलाही जागा नाही.

एसएसएचचं नाव इथे येणं ओघानेच होतं. एफटीपी पासवर्ड उघड्यावर पाठवतो. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी सगळी वाहतूक सांकेतिक करून पाठवणारं एसएसएच लिहिलं. पुढे त्याच सुरक्षित वाहिनीतून फाइली नेणारा एसएफटीपी आला, आणि शहाणे ॲडमिन एफटीपी सोडून तिकडे वळले. तिथे मात्र जुनी गरज अपुरी राहिली. एसएफटीपीचा वापरकर्ता सर्व्हरवर मोकळा हिंडू शकत होता. परवानगी असेल तिथलं सगळं वाचू शकत होता. त्याला अडवायला लोकांनी मर्यादित शेल लिहिले, कुणी ओपनएसएसएचला ठिगळं लावली, आणि प्रत्येक वापरकर्त्यासाठी आत प्रोग्रॅम आणि लायब्रऱ्यांच्या प्रती मांडायचा १९८३ चा खटाटोप पुन्हा सुरू झाला.

मार्च २००८ मध्ये ओपनएसएसएच ४.९ आली, आणि तिच्यात डेमियन मिलर यांनी लिहिलेली 'सीएचरूट डिरेक्टरी' ही सूचना होती. सोबत 'इंटर्नल एसएफटीपी'. फाइली हाताळणारा भाग सर्व्हरच्याच आत, त्यामुळे कोंडलेल्या डिरेक्टरीत एकही प्रोग्रॅम ठेवायला नको. सेटिंगच्या फाइलीत एका गटासाठी दोन-चार ओळी लिहिल्या की काम झालं.

आणि ॲडमिनांची पहिली तक्रार लगेच आली. वापरकर्त्याची डिरेक्टरी त्याचं मूळ म्हणून दिली की लॉगिनच होईना. नोंदवहीत संदेश दिसे, की डिरेक्टरीची मालकी किंवा परवानग्या चुकीच्या आहेत. ओपनएसएसएचची अट होती की यंत्राच्या खऱ्या मुळापासून त्या डिरेक्टरीपर्यंतची प्रत्येक पायरी रूटच्या मालकीची हवी आणि दुसऱ्या कुणालाही तिथे लिहिता येता कामा नये. म्हणजे वापरकर्ता स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यात फाइल ठेवू शकत नाही. त्याच्यासाठी आत आणखी एक डिरेक्टरी करून ती त्याच्या नावावर करावी लागते. पुष्कळांना हा आडमुठेपणा वाटला.

त्यामागे कारण होतं. मुळाशी लिहिता आलं की वापरकर्ता तिथे स्वतःची 'ईटीसी' डिरेक्टरी आणि तिच्यात स्वतःची पासवर्ड फाइल तयार करू शकतो, रूटचा पासवर्ड त्याच्या मर्जीचा. रूटच्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्रॅम आत जोडून घेता आला, की तो प्रोग्रॅम '/' पासून पत्ता शोधतो, ही खोटी फाइल खरी मानतो आणि वापरकर्त्याला रूट करून टाकतो. पुढच्या चार ओळी आपल्याला ठाऊक आहेत.

२०११ चा पुरावा

नोव्हेंबर २०११ च्या अखेरीस हे कागदावरचं कारण प्रत्यक्षात उतरलं. फ्रीबीएसडीच्या एफटीपी सर्व्हरवरचा एक हल्ला जाहीर झाला. वापरकर्ता आपल्या सीएचरूटच्या मुळाशी लिहू शकत असेल, तर त्याने तिथे 'ईटीसी' आणि 'लिब' अशा दोन डिरेक्टऱ्या करायच्या. पहिलीत नावं कुठून शोधायची हे सांगणारी सेटिंगची फाइल, दुसरीत स्वतः लिहिलेली लायब्ररी. मग सर्व्हरला साधी यादी मागायची. मालकांची नावं दाखवण्यासाठी सर्व्हरची प्रोसेस ती फाइल वाचते, लायब्ररी चढवते, आणि वापरकर्त्याचा प्रोग्रॅम रूटपणासह चालू लागतो. सर्व्हरच्या स्वतःच्या आज्ञांमध्ये दोष कुठेच नव्हता. १९८३ साली पाहुण्याला मालकांची नावं दिसावीत म्हणून केलेली ईटीसीची सोय अठ्ठावीस वर्षांनी अशी उलटली. फ्रीबीएसडीने २३ डिसेंबरला दुरुस्ती दिली: मूळ बदलल्यावर अशा लायब्रऱ्या चढवायच्याच नाहीत.

व्हीएसएफटीपीडीने यावरून ताबडतोब बोध घेतला. वापरकर्त्याला मुळाशी लिहिता येत असेल तर त्याची नवी आवृत्ती लॉगिनच नाकारू लागली. रातोरात असंख्य सर्व्हरांवरची फाइलींची ये-जा थांबली आणि ॲडमिनांनी ओरड केली. २०१२ च्या ३.० आवृत्तीत ही अट बंद करायचं बटण द्यावं लागलं. ते बटण दाबायचा सल्ला आजही सर्रास दिला जातो, आणि तो देणाऱ्याला त्यामागचं कारण बहुधा माहीत नसतं. याचंच मला वाईट वाटतं.

एफटीपीचं युग आता सरलं आहे. डेबियनने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपली सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केली, २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी एफटीपी वगळला. फाइली टाकायला बाहेरचा माणूस आत घ्यायची गरज मात्र रोजची आहे, आणि ती पुष्कळ ठिकाणी ओपनएसएसएचच्या त्याच दोन-चार ओळींनी भागते. २००७ साली लिनक्सच्या कर्नलवर काम करणाऱ्यांमध्ये सीएचरूटवरून वाद झाला, तेव्हा ॲलन कॉक्स यांनी ठाम भूमिका घेतली होती की सीएचरूट हे सुरक्षेचं साधन नाही आणि कधी नव्हतंही. ते खरंच आहे. सीएचरूट माणसाला काय दिसावं एवढंच ठरवतो. त्याला काय करता यावं, हे मालकी आणि अधिकार ठरवतात. कोंडलेल्याच्या नावावर मुळाची मालकी नसेल आणि त्याच्याशी बोलणाऱ्या प्रोसेसजवळ रूटपणा नसेल, तर तोच छोटा कॉल उत्तम काम देतो. यांतली एक अट सुटली तरी तो पोकळ ठरतो.

म्हणून मालकी चुकीची असल्याचा संदेश नोंदवहीत दिसला, तर परवानगी सैल करून तो गप्प करू नये. मूळ रूटच्या नावावर ठेवावं, आत एक डिरेक्टरी करून ती वापरकर्त्याला द्यावी आणि त्याला तसं सांगावं. पाच मिनिटांचं काम आहे. ते असं का करायचं हे शिकायला मात्र अनेक पिढ्यांच्या ॲडमिनांनी आपले सर्व्हर गमावले आहेत.